हौदाचं माप

मास्तरांच्या लक्षात माणसाचं नाव कधी राहिलं नाही. माप राहायचं. मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहायला गेले त्याच दिवशी आमच्या बँकेच्या मॅनेजरांचा विषय निघाला. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, साहेब कुठून बदलून आले तेही सांगितलं. मास्तर डोळे मिचकावत ऐकत राहिले आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

“हां, थे चव्वेचाळीस कंबर! दोन वर्सांपयले बेचाळीस होती. मॅडम, त्यायले म्हणा, सांभाळा थोळं.”

हा निरोप मी अर्थातच पोचवला नाही.

मी वाईची. बँकेची परीक्षा पास झाले आणि पहिली नेमणूक थेट विदर्भात, मलकापूरला निघाली, तेव्हा आई रडली आणि वडिलांनी नकाशा काढला. मास्तरांच्या घरामागची एक सुटी खोली मला मिळाली. तिची खिडकी परसात उघडायची. मी पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बहुतेक सगळं त्या खिडकीसमोर घडलेलं आहे.

गावात सगळे त्यांना टेलर मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणू लागले. बाजारातलं दुकान त्यांनी बंद केलं होतं, पण मशीन घरी पुढच्या खोलीत आणून ठेवली होती आणि गळ्यातला टेप काही उतरला नव्हता. टेप घालून जेवत, टेप घालून भाजीला जात. एकदा कुणाच्या तरी मयतीला निघाले तेव्हा मी दारातच म्हटलं, “मास्तर, टेप!” त्यांनी ओशाळून तो खिशात घातला. परत येऊन आंघोळ केली आणि सदऱ्याच्या आधी टेप गळ्यात घातला.

त्या घरात उघडं असं काही नव्हतं. फ्रिजला अभ्रा, मिक्सरला अभ्रा, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा झगा, पाण्याच्या माठाला चुण्यांचा परकर. उरलेली चिंधी फेकणं त्यांना जमायचंच नाही, आणि चिंधी हाताशी असताना एखादी वस्तू उघडी फिरतेय हेही त्यांना बघवायचं नाही. आठ दिवसांत माझ्या पाण्याच्या बाटलीला कोट चढला. पंधराव्या दिवशी लॅपटॉपला पिशवी मिळाली, आणि तिला बाहेरून एक अगदी चिमुकला खिसा होता. माझं बोटसुद्धा त्यात धड जाईना.

“मास्तर, यात काय ठेवू?”

“काय ठेवाचं थे मांगून ठरते. खिसा आधी पाह्यजे.”

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी तशी भांडखोर आहे.

काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, लकवा मारून तेव्हा काही महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. घशातून एक ‘आं’ निघायचा, तेवढाच. दिवसभर एक बाई त्यांचं करायला येत. मी काकूंना बोलताना कधीच ऐकलं नाही, पण आसपासच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. शेजारपाजारच्या बायका अजून सांगायच्या की काकू परसात बोलायला लागल्या की पलीकडच्या गल्लीत रेडिओ लावायची गरज नसे.

मास्तर एकदा मला म्हणाले, “चाळीस वर्स ही बोलली अन् मी मशीन चालवली. हाव-हाव करत राह्यलो नुसता. बिचारीनं माही पाठच पाह्यली, मॅडम.”

दवाखान्यातून घरी आणल्यावर काकूंना गाऊन घालायचं ठरलं होतं. पोरगा पुण्याला असतो, त्यानं चांगले सुती गाऊन पाठवले. काकूंनी डाव्या हातानं पहिला गाऊन असा भिरकावला की तो समोरच्या देवांवर जाऊन पडला. त्यानंतर मास्तर दोन दिवस मशीनवरून उठले नाहीत. त्यांनी काकूंच्या सगळ्या साड्या शिवून काढल्या. निऱ्या आधीच घालून टाचलेल्या, कमरेला नाडी, खांद्यावर पदराला बटण. झोपलेल्या माणसाला दोन मिनिटांत नेसवता येईल अशी साडी. रोज सकाळी काकू खुर्चीत बसायच्या तेव्हा त्यांच्या निऱ्यांकडे बघून मला माझ्या चुरगळलेल्या कुर्त्याची लाज वाटायची.

ही खुर्ची परसात, हौदाच्या काठाशी ठेवलेली असायची. मास्तर त्याला हौद म्हणायचे. काकू पूर्वी तळं म्हणायच्या असं ऐकलंय. त्यांचं माहेर धामणगाव बढ्याचं, घरची भाजीची शेती. लग्न होऊन शहरात आल्या तरी परसात वांगी, मेथी, पालक चालूच होतं. वीज कधी येईल याचा भरवसा नसे, म्हणून आली की मोटार लावून पाणी साठवायला त्यांनी जमिनीत तो सिमेंटचा हौद बांधून घेतला. साधारण दोन खाटांएवढा, पाणी गुडघ्याच्या वर. त्या आजारी पडल्यावर भाजी गेली आणि पाणी राहिलं. डास होतील म्हणून आरोग्य खात्याच्या बाईंनी त्यात गप्पी मासे सोडले. पोरानं पुण्याहून पिशवीतून लाल मासे आणले. एक कमळाचा कंद कुणीतरी दिला. असं ते काकूंच्या शब्दाप्रमाणे तळं झालं.

सकाळी चहानंतर दोन तास आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोन तास काकू तिथे बसायच्या. तेवढेच त्यांचे चार तास. बाकी दिवस पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

आणि वर कडुनिंब होता. हौदाच्या भिंतीलगत आपोआप उगवलेला, काकूंनी उपटू न दिलेला. त्याची पानं गळायला लागली की हौदाचं पाणी दिसेनासं व्हायचं. कडुनिंबाची पानं म्हणजे काही वडाची नव्हेत, उचलली आणि टाकली. बारीक, करवतीच्या पात्यासारखी, हजारोंनी. दोन दिवस पाण्यात राहिली की बुडाशी बसतात आणि कुजतात.

मी तिथे गेल्यावर दुसऱ्याच रविवारी सल्ला दिला. “मास्तर, ती फांदी तोडून का नाही टाकत?”

“अन् मे महिन्यात हिच्या डोक्शावर सावली कोठून आणू? तुमच्या बँकेतून?”



मास्तरांनी पिठाची चाळणी बांबूला बांधली होती. सकाळी काकूंना खुर्चीत बसवलं की ते हौदाभोवती फिरत पानं काढायचे. कोपऱ्यातली चाळणीला यायची नाहीत, म्हणून पँट दुमडून पाण्यात उतरायचे. आणि हे सगळं करताना बोलायचे. जन्मभर न बोललेला हा माणूस पाण्यात उतरला की थांबायचा नाही. बाजारात कापसाचा भाव काय निघाला, कोणाच्या पोरीचं जमलं, स्टेशनावर कुठली गाडी किती उशिरा आली, दूधवाल्यानं काय नवी थाप मारली. मध्येच पान उचलून दाखवायचे. “पाह्य वं, हे कसं पिवळं हळद झालं!” काकू बघत असायच्या. मासे वर यायचे, मास्तरांच्या पायांशी घोटाळायचे. मी खिडकीत केस विंचरत हे रोज बघायचे आणि बँकेला रोज पाच मिनिटं उशीर करायचे.

पहिल्या वर्षी ऐन फाल्गुनात मास्तर तापानं पडले. आठ दिवस उठता आलं नाही. बाई काकूंना खुर्चीत बसवत, पण हौदाला हात लावायला कोणाला सवड नव्हती. मी दोन दिवस चाळणी फिरवून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी बँकेचं काम आहे म्हणून सोडून दिली. ही माझी चूक. पाणी काळं झालं, वास यायला लागला, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. मग एका सकाळी बरेचसे लाल मासे उलटे तरंगताना दिसले.

त्या आठ दिवसांत काकू जेवल्या नाहीत. घास तोंडात दिला की बाहेर काढायच्या. शेवटी डॉक्टरांनी नळी घालावी लागेल असं सांगितलं. ते ऐकून मास्तर तापातच उठले, बादल्यांनी हौद उपसला, पाणी बदललं, बुडाचा गाळ हातानं काढला. काकू खुर्चीतून बघत होत्या. दुपारी त्यांनी वरणभात खाल्ला.

“पाह्यलं ना मॅडम? मासे दिसले अन् जेवली.”

मी पाहिलं होतं. डॉक्टरांनाही ते पटलं. मात्र त्यांनी मास्तरांचे सुजलेले गुडघे दाबून बघितले आणि बजावलं, की आता थंड पाण्यात उभं राहायचं नाही. तुम्हीच खाटेला खिळलात तर यांच्याकडे कोण बघणार?

तेव्हापासून मास्तरांपुढे एकच प्रश्न होता आणि तो त्यांनी सगळ्या घराला ऐकवला. हौद स्वच्छ राहिला तर काकू जेवतील. झाड तोडायचं नाही, नाहीतर सावली जाईल. झाकण घालायचं नाही, नाहीतर काकूंना मासे दिसणार नाहीत. पाण्यात उतरायचं नाही, गुडघ्यांसाठी. आणि पैसे घालायचे नाहीत. पोरगा म्हणाला, “बाबा, तयार जाळी मागवतो मी.” मास्तरांनी फोनवरच त्याला झापलं. “औषधाचा पैसा औषधाले. हौदाले घरच्या चिंध्या पुरतेत.”

पुढच्या रविवारी त्यांनी मला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं आणि हौदाचं माप घेतलं. लांबी, रुंदी, घेर. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं. कमळाच्या पानांची उंची वेगळी. मग गिऱ्हाइकांची जुनी वही काढून, कानामागची पेन्सिल बोटात फिरवत, नावाच्या जागी ‘हौद’ असं लिहिलं आणि काकूंना विचारलं, “गळा केवढा ठेवू?” काकूंच्या तोंडाची डावी बाजू हलली. तेवढ्यावर मास्तर दिवसभर खूश होते.

पहिला कपडा कांद्याच्या गोण्यांचा झाला. बाजारात फाटलेल्या जाळीदार गोण्या फुकट मिळतात. मास्तरांनी त्या उसवल्या, जोडल्या, कडेनं नाडी ओवली आणि हौदावर चढवल्या. पूर्ण हौद लालभडक. कडुनिंबाची पानं त्या भोकांतून खाली अशी उतरत होती जशी काही त्यांच्यासाठीच दारं ठेवली होती. मास्तर म्हणाले, “ट्रायल हाय हे. ट्रायलले कोणी हसते काय?”

दुसरा कपडा मच्छरदाणीचा. जुनी पांढरी मच्छरदाणी, ठिकठिकाणी रफू केलेली. पान अडकलं खरं, पण जाळी मध्ये झोळीसारखी लोंबली आणि पाण्याला टेकली. सगळी पानं त्या झोळीत जमून भिजू लागली. दोन दिवसांत हौदाचा चहा झाला.

“मास्तर, जाळी ताणून बसवा की!” मी म्हटलं.

“ताणून?” ते माझ्याकडे असे बघू लागले जसं काही मी त्यांना ग्राहकाचा गळा आवळायला सांगत होते. “मॅडम, चार बोटं सैल ठेवा लागते. कपडा अंगाले चिकटला तर माणसाले श्वास घेता येत नाई.”

“हौद श्वास घेत नाही, मास्तर.”

“मासे घेतेत ना.”

हे मात्र खरंच कुणा शिंप्यालाच सुचावं. जन्मभर त्यांनी घट्ट असं काही शिवलं नव्हतं. डोळ्यांना दिसत होतं की जाळी लोंबते ती त्या चार बोटांमुळे, तरी कात्री हातात धरली की हात आपोआप चार बोटं पुढे सरकायचा. तीनदा त्यांनी ती मच्छरदाणी उसवून पुन्हा शिवली, आणि तीनदा ती सैलच झाली. चौथ्यांदा मी त्यांच्या शेजारी उभी राहून, खडूनं रेघ मारून, “इथे कापा” म्हटलं. त्यांनी डोळे मिटून कापलं. माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे, बघवत नव्हतं म्हणून.

जाळी ताठ बसली. पण पांढऱ्या जाळीवर ऊन पडलं की नुसता पांढरा उजेड. काकू मान इकडे तिकडे करून बघायच्या आणि शेवटी डोळे मिटून घ्यायच्या. मास्तरांनी तासाभरात जाळी काढली, चाळणी घेतली आणि गुडघ्यांचा विचार न करता पाण्यात उतरले. फाल्गुन संपून चैत्र आला, पानं संपून कडुनिंबाचा मोहोर गळायला लागला. मग लिंबोळ्या. मास्तर पाण्यातच. रात्री गुडघ्यांना शेकायचे आणि सकाळी मला सांगायचे, “काई नाई, थोळं आखडलं फक्त.”

काळ्या जाळीची युक्ती त्यांच्या जुन्या मित्राची. स्टेशनाकडे बुरखे शिवणारे एक चाचा होते. मास्तरांचे पन्नास वर्षांचे दोस्त. ते महिन्यातून एकदा काकूंना बघायला यायचे आणि काकूंपासून जरा दूर, मोरीच्या कट्ट्यावर बसायचे. मास्तरांनी त्यांना आपलं गाऱ्हाणं सांगितलं.

“अरे मास्टर,” चाचा म्हणाले, “सफेद जाली में आँख अटकती है. काली में से पार जाती है. मेरी बेगम नकाब में से तराजू का काँटा तक देख लेती है.”

मास्तर कट्ट्यावरून उठले ते सरळ चाचांच्या स्कूटरवर मागे बसले. परत आले तेव्हा काळ्या जाळीच्या कातरणांनी भरलेली पिशवी मांडीवर होती. एकेक तुकडा तळहाताएवढा. ते जोडायला त्यांना पावसाळा आणि दिवाळी लागली. मध्येच शिवण उसवायचे, पुन्हा घालायचे, कारण जोड जाड झाला तर काकूंच्या नजरेला आडवा येईल. मोडक्या छत्र्यांच्या काड्या गावभरातून गोळा केल्या. हौदाच्या मधोमध, डब्यात सिमेंट ओतून एक दांडा उभा केला आणि त्यावर छत्रीचा सांगाडा बसवला. जाळी त्यावरून चारी बाजूंना उतरती, ताठ. पान पडलं की घसरून काठावर. तिथून खराट्यानं अर्ध्या मिनिटात झाडायचं. एका कोपऱ्यात चेन लावली होती, माशांना खाणं टाकायला. आणि चेनच्या शेजारी एक खिसा. मी विचारलं नाही.

माघात पहिलं पान गळलं तेव्हा आम्ही चौघं काठावर उभे होतो, म्हणजे काकू बसलेल्या. पान जाळीवर आलं, घसरलं, काठावर पडलं. खाली पाणी काचेसारखं आणि मासे अगदी स्पष्ट दिसत होते. चाचांनी मास्तरांच्या पाठीत जोरात थाप मारली. मास्तरांनी पोराला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन जाळीवर असा धरला जसं काही नवऱ्या मुलाचा सूट दाखवताहेत. मलाही खरंच अभिमान वाटला. जाळी ताठ कापायची ती पहिली रेघ माझी होती ना.

मास्तरांचे गुडघे बरे झाले. सकाळचे दोन तास मोकळे झाले. ते पुढच्या खोलीत मशीनवर बसू लागले, हातात कामं घेऊ लागले. काकू परसात, स्वच्छ तळ्यासमोर, व्यवस्थित निऱ्यांच्या साडीत.

दहा-बारा दिवसांत काकूंचं जेवण कमी झालं. मग जवळजवळ थांबलं.

पुन्हा डॉक्टर. रक्त तपासलं, दाब बघितला. सगळं जागच्या जागी. मास्तरांनी हौदाचं पाणी बदललं, आणखी चार मासे आणले, जाळी उतरवून धुतली आणि परत चढवली. एका गुरुवारी शेगावला जाऊन आले. प्रसाद काकूंच्या जिभेवर ठेवला, तो काकूंनी गिळला, पण त्यानंतर घास नाही. डॉक्टर परत नळीचं बोलले. मास्तर पुढच्या खोलीत मशीनसमोर नुसते बसून राहिलेले मी पाहिले. “मासे दिसून राह्यले ना तिले?” मला विचारायचे. “तुमी बसून पाहा बरं तिच्या खुर्चीतून.” मी बसून पाहिलं. दिसत होते.

त्या रविवारी मी काकूंजवळ गवार निवडत बसले होते. ऊन अजून कोवळं होतं. पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. काकूंच्या मांडीवर कडुनिंबाची पानं पडली होती, तशी रोजच पडायची, बाई संध्याकाळी साडी झटकत. मी सहज वर बघितलं तर काकूंचा डावा हात मांडीवर सरकत होता. त्यांनी एकेक करून पानं मुठीत गोळा केली. मग हात उचलला आणि मूठ जाळीवर उघडली. नंतर घशातून मोठा “आं” काढला.

मशीन थांबली. मास्तर धावत आले. काकूंना बघितलं, मला बघितलं, जाळीवर अडकलेली पानं बघितली, खराट्यानं झाडली आणि परत गेले. अर्धं मिनिटच लागलं. मशीन सुरू झाली.

काकूंनी पुन्हा पानं गोळा केली. पुन्हा जाळीवर टाकली. “आं!”

मास्तर पुन्हा आले. या वेळी त्यांनी वर झाडाकडे बघितलं. वाऱ्याचं नाव नव्हतं. “पानं वरच्या वर कशी बसून राह्यली?” असं पुटपुटत त्यांनी खराटा फिरवला. मी खाली मान घालून गवारीचे देठ मोडत राहिले, कारण आता मला कळलं होतं, आणि ते मी सांगायचं नव्हतं.

तिसऱ्यांदा ते आले तेव्हा काकूंनी हात लपवलाच नाही. मूठ जाळीच्या वर तशीच होती आणि त्या मास्तरांकडे बघत होत्या. रोखून. त्यांच्या समोर, जाळीखाली, सगळे मासे अगदी स्वच्छ दिसत होते आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. मास्तर खराटा धरून उभे राहिले. गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं त्यांनी एका हातात धरली होती.

“अवं,” ते शेवटी म्हणाले, “तू माशायले पाहातच नव्हती काय?”

काकूंनी मूठ उघडली. पानं जाळीवर पडली.

मला स्वतःचाच राग आला. इतके महिने मी खिडकीतून बघत होते, बँकेला उशीर करून बघत होते, आणि मीही मासेच बघत होते.

मास्तरांनी खराटा भिंतीला टेकवला. हौदाभोवती फिरून एकेक गाठ सोडली, छत्रीसकट ती अख्खी काळी जाळी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. मग बसून पँट दुमडली. गुडघ्यांचं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते पाण्यात उतरले. थंडीनं एकदा हिसका दिला त्यांना. खालचा गाळ हलला, मासे पांगले, पाणी गढूळ झालं. काकूंना आता पाण्यातलं काही म्हणजे काही दिसत नसणार.

काकूंनी मांडीवर नवं पडलेलं एक पान उचललं आणि पाण्यात टाकलं. मास्तरांनी ते उचललं, झटकलं, काठावर ठेवलं. काकूंनी आणखी एक टाकलं. तेही उचललं. तिसरं जरा लांब गेलं, त्यासाठी ते वाकून पलीकडे गेले, आणि वळून बघतात तर काकू घाईघाईनं चौथं शोधत होत्या. तोंडाची चालती बाजू पार कानापर्यंत गेलेली, आणि डोळ्यांत पाणी.

“टाक, टाक,” मास्तर म्हणाले. “मी काई कुठी जाऊन नाई राह्यलो.”

मी गवार तशीच ठेवून उठले आणि स्वयंपाकघरात वरणभात कालवायला गेले.